मजूर वहीत चढला की पैसे कुणाचे जातात, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा केंद्राचा कायदा आला, कोविडनंतर रेशन पोर्टेबिलिटी, म्हणजे कुठल्याही राज्यात आपलं रेशन घ्यायची सोय, देशभर झाली, ईश्रम हे असंघटित मजुरांच्या नोंदणीचं पोर्टल आलं, आता लेबर कोड म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे पण लागू झालेत, तरी पुण्याच्या साइटवरचा बंगाली गवंडी किंवा कोल्हापूर भागात आलेली बीडची ऊसतोड जोडी यांच्या हातात फारसं काही का पडत नाही, खोट धोरणात आहे का अंमलबजावणीत? विचारणारे एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि गाईडने म्हणे त्यांना "पोलिटिकल विल नाही" असं लिहून चॅप्टर संपवायला सांगितलाय.

मी सरकारी कामगार अधिकारी म्हणून रिटायर झाले, सर्व्हिस सगळी पुणे आणि मराठवाड्यात. "विल नाही" हे वाक्य मी इतक्या सेमिनारमध्ये ऐकलंय की आता ते आलं की मी चहाला उठते. विल भरपूर असतं हो. बिल्डरचं असतं, कारखान्याचं असतं, मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं असतं, दोन्ही राज्यांच्या सरकारांचं असतं, आणि सगळ्यांचं विल एकाच गोष्टीवर एकमत असतं, की हा माणूस माझ्या वहीत चढता कामा नये. तुम्ही हे एक धरून ठेवलं तर बाकीचं आपोआप कळत जाईल, म्हणून मी योजनांची यादी देत बसत नाही, ती तुम्हाला कुठेही मिळेल.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याच्या बाहेर एका मोठ्या गृहप्रकल्पाच्या साइटवर इन्स्पेक्शनला गेले होते. ठेकेदाराने मस्टर म्हणजे हजेरीची वही पुढे केली, नीटनेटकी, कव्हर घातलेली. परराज्यातले मजूर किती, तर चार. बरोब्बर चार. कारण १९७९ चा कायदा पाच मजुरांपासून लागू व्हायचा. मी काही बोलले नाही, शिपायाला घेऊन पत्र्याच्या खोल्यांकडे गेले. तिथे खोल्यांच्या मागच्या अंगाला खिळ्यांना स्टीलचे डबे लटकवलेले, प्रत्येक डब्यावर टोचून नाव काढलेलं, थोडी हिंदीत आणि बरीचशी बंगालीत. आम्ही दोघं डबे मोजत सुटलो. सदुसष्ट. सुपरवायझर मागून आला आणि शांतपणे म्हणाला, मॅडम, ही माणसं दोन दोन डबे ठेवतात. चार माणसं, सदुसष्ट डबे! मग एका पोराला विचारलं, कैसे आया रे इधर? त्याने आधी सुपरवायझरकडे बघितलं आणि मग म्हणाला, अपने मन से आया.

हे "अपने मन से आया" त्याला पाठ करून दिलेलं असायचं, कारण जुन्या कायद्यात आंतरराज्य स्थलांतरित मजूर कोण, तर जो ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आणला गेला तो. स्वतःहून आला, गावच्या भावाबरोबर आला, तर तो या कायद्यात बसायचाच नाही. बसला तर काय व्हायचं ते बघा. कंपनीला नोंदणी लागायची, ठेकेदाराला लायसन्स लागायचं, तेही एक इथलं आणि एक मजूर जिथून उचलला त्या राज्याचं. मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं, महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के किंवा ७५ रुपये यातलं जे जास्त ते विस्थापन भत्ता म्हणून द्यायचं, येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, प्रवासातल्या दिवसांची मजुरी द्यायची, राहायला नीट जागा, औषधपाणी. आणि ठेकेदाराने नाही दिलं तर मूळ मालकाने द्यायचं. आता सदुसष्ट माणसांचं हे सगळं जोडा, आणि न जोडल्याची शिक्षा बघा, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कैद मी माझ्या सगळ्या नोकरीत एकालाही झालेली पाहिली नाही. त्या साइटची केस मी कोर्टात टाकली, दोन वर्षांनी ठेकेदाराने गुन्हा कबूल केला, दंड भरला, जाताना मला नमस्कार पण केला. त्याने काही चुकीचा हिशोब केला नव्हता हो, उलट अगदी बरोबर केला होता.

म्हणजे नोंदणी करणं म्हणजे काय, तर आपण होऊन उधारी कबूल करणं. असं कोण करेल?

गंमत म्हणजे हा कायदा वाईट हेतूने केलेला नव्हता. ओरिसात दादन म्हणून पद्धत होती, खाताडार नावाचे सरदार लोक आगाऊ पैसे देऊन गावंच्या गावं बाहेरच्या राज्यात बांधकामांवर न्यायचे आणि तिथे माणसांचे हाल व्हायचे, त्यावरून हा कायदा आला आणि १९८० च्या २ ऑक्टोबरपासून लागू झाला. म्हणजे ज्यांनी लिहिला त्यांना सरदार माहीत होता, उचल माहीत होती. फक्त मोजायचं काम त्यांनी ज्याला मोजल्याने तोटा होतो त्याच्याच गळ्यात घातलं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, मजूर जिथून निघतो तिथे. तुम्हाला वाटेल तिथल्या सरकारला तरी आपली माणसं मोजायची असतील. नाही. बाहेर किती गेले हा आकडा म्हणजे तिथल्या कारभाराचा निकाल असतो. मराठवाड्यात मी किती आढावा बैठका बसून काढल्यात, रोजगार हमीच्या कामांमुळे स्थलांतर रोखण्यात यश, हे वाक्य रिपोर्टमध्ये असायचंच, आणि त्याच वेळेला बाहेर रस्त्यावरून कोप्यांचं, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपड्यांचं सामान, शेळ्या, पोरं भरलेले ट्रॅक्टर पश्चिमेकडे चाललेले असायचे. शाळेत पोरं पटावर, ग्रामपंचायतीत कुटुंब गावात, प्रत्यक्षात घराला कुलूप आणि ओट्यावर एक म्हातारी. पाठवणारं राज्य मोजत नाही कारण अब्रू जाते, घेणारं राज्य मोजत नाही कारण पाणी, शाळा, दवाखाना द्यावा लागतो. आणि घटनेत बघायला गेलं तर आंतरराज्य स्थलांतर हा विषय केंद्राच्या यादीत आहे, ८१ नंबरची नोंद, आणि त्याच नोंदीत त्याच ओळीत पुढे आंतरराज्य क्वारंटाइन आहे! २०२० च्या एप्रिलमध्ये मी ती ओळ पुन्हा काढून वाचली होती, हसावं का रडावं कळेना. कामगार हा विषय मात्र समवर्ती यादीत, म्हणजे कायदा दिल्लीने करायचा आणि इन्स्पेक्टर राज्याचा, पगार राज्याचा, राजकीय बिल पण राज्याच्याच माथी.

२०२० बद्दल लोक फार बोलून झालेत त्यामुळे मी थोडंच बोलते. त्या दोन महिन्यांत हे सगळं उघडं पडलं एवढंच. आमच्याकडे फोन यायचा, तुमच्या हद्दीत परराज्यातले मजूर किती आहेत, संध्याकाळपर्यंत आकडा द्या. कुठून देणार? रजिस्टरवर चार. शेवटी आम्ही किराणा दुकानदारांना, मोबाईल रिचार्जवाल्यांना विचारून आकडे काढले. ८ मेला करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले, जालन्याच्या स्टील कारखान्यातून निघालेली मध्य प्रदेशातली पोरं, रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालली होती. त्याच आठवड्यात कर्नाटकात सरकारची बिल्डरांशी बैठक झाली आणि मजुरांच्या ट्रेन रद्द करायचं ठरलं, मग ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. तिथे पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की माणूस मोजायचा नसतो पण हवा मात्र असतो. मे महिन्याच्या शेवटी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की आमची माणसं न्यायची तर आमची परवानगी लागेल, त्यावर राज ठाकरेंनी उत्तर दिलं की मग इथे येताना आमची परवानगी लागेल. पेपरात दोन दिवस तेच. दोघांच्याही बोलण्यात परवानगी होती, पण १९७९ च्या कायद्यात दोन्ही राज्यांच्या परवान्याची सोय आधीच होती हे कुणी म्हटलं नाही, मला तरी वाचल्याचं आठवत नाही. आणि सप्टेंबरमध्ये लोकसभेत उत्तर आलं की किती स्थलांतरित मजूर वाटेत मेले याची माहिती सरकारकडे नाही, परत गेलेल्यांचा आकडा मात्र दिला, १ कोटी ४ लाखांच्या वर.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, काहींना आवडणार नाही. परप्रांतीयांच्या विरोधात आंदोलनं करणाऱ्या बऱ्याच पोरांशी नोकरीमुळे संबंध आला, निवेदनं घेऊन यायची ऑफिसला. त्यातल्या एकानेही मला कधी विचारलं नाही की मॅडम, अमुक साइटच्या ठेकेदाराचं आंतरराज्य लायसन्स दाखवा. खरं तर तो कायदा कडक लावला असता तर बाहेरून माणूस आणणं महाग पडलं असतं आणि इथल्या पोराला भाव आला असता, म्हणजे त्यांच्या फायद्याचा होता तो. पण आंदोलन टॅक्सीवाल्यावर, पाणीपुरीवाल्यावर व्हायचं. ठेकेदार बहुतेक वेळा त्यांच्याच ओळखीतला असायचा, गणपतीची पावती तोच मोठी फाडायचा.

बरं, मग काही चाललंच नाही का? चाललं की. रेशन चाललं. वन नेशन वन रेशन कार्ड २०१९ च्या ऑगस्टमध्ये आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात अशा दोन जोड्यांपासून सुरू झालं आणि २०२२ च्या जूनमध्ये आसाम आल्यावर देशभर झालं, मधे २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना जुलैअखेरची मुदत दिली होती, त्याने पण जोर आला. पण हे का चाललं ते बघा. धान्य केंद्राचं. बिहारच्या माणसाने पुण्यात पाच किलो उचललं तर महाराष्ट्राच्या तिजोरीतून ते धान्य जात नाही. दुकानदाराला कमिशन मिळतं, उलट एक गिऱ्हाईक वाढतं. मालकाला काही द्यावं लागत नाही, त्याला तर बरंच आहे, मजूर टिकतो. म्हणजे माणूस मोजल्याने कुणाच्याच खिशाला चाट नाही, म्हणून मोजला गेला. जिथे चाट लागते तिथे लगेच योजना लंगडी होते. दुकानदाराचा माल ठरलेल्या कार्डांच्या हिशोबाने आलेला असतो, बाहेरची पन्नास कार्डं आली की महिन्याच्या शेवटी त्याच्या कायमच्या बायका दारात येऊन भांडतात, मग तो बाहेरच्यांना सांगतो, मशीन बंद आहे, पंधरा तारखेनंतर या. आनंदाचा शिधा वगैरे राज्याच्या पैशातून होतं ते राज्याच्याच कार्डाला. आणि अंगठा! सिमेंटमध्ये हात घालणाऱ्याचा अंगठा उठत नाही. मी दुकानात उभं राहून पाहिलंय, एक बाई साडीच्या पदराने अंगठा पुसते, मग दुकानदार म्हणतो तेल लाव, मग म्हणतो दुसरं बोट, मग तिच्या नवऱ्याला बोलावतो, तोवर तिची अर्धी हजेरी गेलेली असते. हे कुठल्या रिपोर्टमध्ये "व्यवहार अयशस्वी" म्हणून जातं.

ज्यांच्याकडे रेशन कार्डच नाही त्यांना अर्थात पोर्टेबिलिटीचा उपयोग नाही, आणि अन्न सुरक्षा कायद्यातला प्रत्येक राज्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बसलाय. महाराष्ट्राचा साधारण ७ कोटी माणसांचा. २०२१ ची जनगणना झाली नाही, आता २०२७ ला होणार आहे. म्हणजे बघा, परत तेच, मोजणी.

ईश्रमचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि ३० कोटींच्या वर नोंदणी झाली. १९७९ च्या कायद्याखाली चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते इतक्या झपाट्याने कसं जमलं असं मला एका आयएएस अधिकाऱ्याने अभिमानाने विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, फॉर्ममध्ये मालकाचं नाव कुठल्या रकान्यात आहे? नाहीये. मजुराने स्वतः सांगायचं मी कोण, काय काम करतो, आधार कुठलं, बँक कुठली. सीएससीवाल्याला, म्हणजे गावातल्या सेवा केंद्रवाल्याला, नोंदणीमागे पैसे मिळत होते, मजुराला अपघात विम्याची आशा होती, आणि मालकाला त्याची कुठलीच झळ नव्हती. त्यामुळे ३० कोटी झाले. वाईट नाही ते, सुप्रीम कोर्टाने पुढे त्याच यादीवरून रेशन कार्ड नसलेले लोक शोधायला सांगितलं, म्हणजे उपयोग झाला. पण हा माणूस आज कुणाच्या साइटवर आहे हे त्यातून कळत नाही आणि साइटवरून पडला तर कुणाला धरायचं हे तर नाहीच नाही.

बांधकाम कामगार मंडळाचं उलटं आहे, तिथे पैसा एवढा आहे की तोच प्रॉब्लेम झालाय. बांधकामाच्या खर्चावर मजुरांच्या कल्याणासाठी एक टक्का सेस. पैसा बिल्डर भरतो, पण भरल्यावर त्याचा संबंध संपतो, मजुराचं नाव त्याला जोडावं लागत नाही. नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नाही कारण दाखला म्हणजे पुरावा. मग ग्रामसेवक देतो, पालिकेचा माणूस देतो, आणि ते कुणाला देतात, तर ओळखीच्याला, गावातल्याला, मतदाराला. भांडी संच वाटपाच्या मंडपात एकदा जाऊन बघा, आमदारसाहेबांचा फोटो, पेटी, कुकर, रांगेत स्थानिक बायका, त्यातल्या किती जणींनी घमेलं उचललंय ते त्यांचे तळवे बघूनच कळतं. ज्याच्या डोक्यावरच्या स्लॅबमुळे तो सेस जमा झाला तो बंगालचा गवंडी त्या रांगेत नसतो, कारण त्याच्याकडे दाखला नाही आणि मुख्य म्हणजे त्याचं मत इथे नाही.

मतावरून आठवलं. २०२३ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने रिमोट व्होटिंग मशीन दाखवायला पक्षांना बोलावलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघ, म्हणजे मुंबईत बसून गावचं मत. बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली, त्यांच्या शंका सगळ्याच खोट्या होत्या असं नाही, आणि विषय तिथेच राहिला. एक प्रश्न आयोगाच्या चिठ्ठीतच होता, तो तुम्ही वाचा, घरगुती स्थलांतरित कुणाला म्हणायचं? व्याख्या नाही. परत वहीच.

आता ऊसतोड, म्हणजे माझा खरा विषय. वर जे सगळं सांगितलं ते आंतरराज्य. पण पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार इथली टोळी निघून तीनशे-साडेतीनशे किलोमीटर जाऊन कागलच्या बाजूला ऊस तोडायला लागली तर १९७९ चा कायदा नाही आणि नवा कोड पण नाही, कारण राज्य तेच. तीच टोळी अजून वीस किलोमीटर पुढे जाऊन कर्नाटकातल्या निपाणीच्या बाजूला तोडायला लागली की आंतरराज्य! कोयता तोच, कोपी तीच, पाचट तेच, पोरगं तेच बांधावर झोपलेलं. आणि कोयता म्हणजे काय माहितीये ना, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. म्हणजे जिथे मोजतात तिथेही बाई अर्ध्यात निघते, आणि ती पहाटे तीनला उठून मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवत असते. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीसाठी पाहणी झाली, ८२ हजारांवर ऊसतोड बायका विचारल्या, त्यातल्या साधारण १३,८०० जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या वेळेला बायकांना बायका म्हणून मोजलं, कोयता म्हणून नाही, म्हणून तो आकडा दिसला. आधी काय कुणाला माहीत नव्हतं? दवाखान्यांना माहीत होतं, मुकादमांना माहीत होतं.

कारखाना म्हणतो आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार म्हणतो माझा व्यवहार मुकादमाशी, मुकादम म्हणतो मी पण मजूरच. तोडणीचा दर मात्र कारखान्यांचा संघ आणि संघटना बसून ठरवतात, २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले, मुकादमाचं कमिशन १९ चं २० टक्के. म्हणजे दर ठरवताना मालक कोण हे सगळ्यांना कळतं. अपघात झाला की कळत नाही. आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना राजकारणातलीच माणसं, एकीकडे कारखान्याचे चेअरमन, दुसरीकडे मजुरांचे नेते, दोघांची विधानसभेत रोज गाठ. यात मी कुणाला वाईट म्हणत नाही, मजुरांच्या नेत्यांमुळेच दर वाढले हेही खरं आहे. पण नोंदणी हा विषय त्या टेबलावर कधी पहिला येत नाही, दर पहिला येतो, कारण दराने मत मिळतं.

गोपीनाथ मुंडेंच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ झालं, त्याला कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढेच घालायचे असं ठरलं. राज्याचं गाळप चांगल्या वर्षी १० कोटी टनांच्या वर जातं, म्हणजे कारखान्यांकडूनच १०० कोटी. रक्कम मोठी आहे. पण इथेही पैसा टनावर बसवलाय, डोक्यावर नाही. टन मोजायला वजनकाटा आहे, उसाच्या चिठ्ठ्या लिहिणारा चिटबॉय आहे, माणूस मोजायला कुणी नाही. ओळखपत्रं ग्रामसेवकाने द्यायची ठरलं, आणि ग्रामसेवक काय म्हणतो, माझ्या गावातून किती गेले हे मी लिहून दिलं तर उद्या मागे राहिलेल्या पोरांचं हंगामी वसतिगृह मलाच चालवायला लावाल. त्याचंही बरोबरच आहे हो, एकटा माणूस, तीन गावं.

याच्या उलट एक छोटं उदाहरण, अंगणवाडीचं. महिला बालविकासने एमटीएस म्हणून काढलं, मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टिम, गरोदर बाई किंवा लहान पोर दुसऱ्या गावी गेलं की तिकडच्या सेविकेला कळावं आणि आहार चालू राहावा. अडचणी आहेत, नेट नसतं, फोन जुने. पण सेविकेला मूल लपवून काही फायदा नाही, आलेल्या मुलाचा आहार तिच्या केंद्रावर येतो, पट वाढतो. त्यामुळे ती स्वतः कोप्यांवर जाऊन विचारते, कुठून आलात, कार्ड आहे का.

केरळचं नाव सगळे घेतात, आवाज नावाचा आरोग्य विमा २०१७ पासून, कंजिकोडला अपना घर नावाचं हॉस्टेल, अतिथी कामगार म्हणायची पद्धत. चांगलंय. पण केरळची स्वतःची माणसं दोन पिढ्या आखातात आहेत, परगावी असलेल्या मजुराचं घर कसं चालतं ते तिथल्या मतदाराला घरातूनच माहीत आहे. ते आपल्याकडे जीआर काढून येणार नाही.

कोडचं विचारलंय तर सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कोड लागू झाले आणि जुना १९७९ चा कायदा गेला. सुधारणा खरी आहे, आता स्वतःहून आलेला मजूर पण व्याख्येत बसतो, महिना १८ हजारांच्या मर्यादेत, म्हणजे "अपने मन से आया" ही पळवाट बुजली. वर्षातून एकदा गावी जायचं भाडं, रेशनची पोर्टेबिलिटी, हेल्पलाइन हेही कायद्यात आलं. पण पाचाचे दहा झाले, म्हणजे आता रजिस्टरवर चारऐवजी नऊ दिसतील. विस्थापन भत्ता गेला. आणि इन्स्पेक्टरचा इन्स्पेक्टर कम फॅसिलिटेटर झाला, म्हणजे डबे मोजायला जायचं की मालकाला पोर्टल भरायला मदत करायची हे त्याला साहेब सांगतील तसं. माझे जुने सहकारी म्हणतात बरं झालं, कटकट गेली. नीती आयोगाने २०२१ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी राष्ट्रीय धोरणाचा मसुदा केला होता, त्यात हक्कांची भाषा बरीच बरी होती, तो मसुदाच राहिला.

मग करायचं काय असं तुम्ही विचारालच. माझं मत, मोजणाऱ्याला काहीतरी मिळायला हवं आणि लपवणाऱ्याला महाग पडायला हवं, आज दोन्ही उलट आहे. ग्रामपंचायतीला नोंदवलेल्या प्रत्येक बाहेर गेलेल्या कुटुंबामागे वसतिगृहाचे पैसे थेट द्या, कमी नोंद म्हणजे कमी पैसे. बिल्डरचा सेस मजुरांच्या नावांशी जोडा, नावं नसतील तर सेस दुप्पट. पूर्णत्वाचा दाखला अडवा, बघा कसे डबे आपोआप बाहेर येतात. कारखान्याच्या टनाच्या पावतीवर कोयत्याचं नाही, दोन्ही माणसांचं नाव घाला. यातलं एकही नवीन नाही, मी तीनदा लिहून वर पाठवलंय, फाईलवर "चर्चा करावी" असा शेरा आहे.

तुमच्या चॅप्टरसाठी एक सांगते, सगळ्यात चांगलं रजिस्टर सरकारकडे नाही, मुकादमाकडे आहे. लाल कापडी बाइंडिंगची वही असते, त्यात कोण, कुठल्या वस्तीवरचा, किती उचल, मागची फिटलेली किती, बायको आजारी आहे का, पोरगं कितवीत, कुणाच्या हमीवर पैसे दिले, सगळं. त्याचे लाखो रुपये त्या माणसांत अडकलेले असतात म्हणून त्याची नोंद चुकत नाही. एकच गाव घ्या. मुकादमाची वही, ग्रामसेवकाचं ओळखपत्रांचं रजिस्टर आणि कारखान्यावरच्या चिटबॉयची यादी, तिन्ही शेजारी ठेवा आणि कुठलं नाव कुठे गळलंय ते काढा. पहिल्या भेटीत तो वही दाखवणार नाही, आणि सर्व्हेचा फॉर्म घेऊन गेलात तर कधीच दाखवणार नाही. दसऱ्यानंतर टोळी निघायच्या दोन दिवस आधी जा, तेव्हा एखादी जोडी गायब झालेली असते आणि तो तिला शोधत फिरत असतो, त्या वेळेला वही हातातच असते आणि तो स्वतःहून उघडून नाव दाखवतो.